वांद्र्याच्या समुद्रकाठी स्थानिक कला आणि लोकांचे कार्यक्रम नेमके कुठे बघायला मिळतात?

तुम्ही लिहिलंय की नोकरीमुळे वांद्रे पश्चिमेला नुकतेच राहायला आलात, संध्याकाळी बँडस्टँड किंवा कार्टर रोडला फेरी मारता, पण तिथे गर्दीपलीकडे ‘इथलं’ असं काही हाती लागत नाही. मी इथेच वाढले, म्हणून सांगते: समुद्राकडे पाठ करा आणि आतल्या गल्ल्यांत शिरा. वांद्र्याची कला पाखाड्यांत आहे. तिचं वेळापत्रक कुठल्या तिकिटाच्या ॲपवर सापडत नाही. ते चर्च आणि कोळीवाडे ठरवतात.

वांद्रं म्हणजे मुळात २४ पाखाड्या, छोटी छोटी गावंच. रानवार, शेर्ली-राजन, पाली, चिंबई ही त्यांतली काही नावं तुमच्या कानावर आली असतील. सुरुवात रानवारपासून करा. चॅपल रोडने चालत वरोडा रोड, वेरोनिका रोडकडे निघालात की बाहेरून जिना असलेली, लाकडी सज्ज्यांची जुनी घरं लागतात. भिंतींवर चित्रं दिसतील. रणजित दहिया यांनी २०१२मध्ये बॉलीवूड आर्ट प्रोजेक्ट सुरू केला आणि जुन्या सिनेमाच्या पोस्टरांना इथल्या भिंती मिळाल्या. रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवरचे दादासाहेब फाळके २०१४चे. ही चित्रं मला आवडतात. पण फोटो काढून लगेच परतू नका, कोपऱ्याकोपऱ्यावरचे क्रूस बघा. त्यांतले बरेचसे १८९६च्या प्लेगच्या काळातले. लोकांनी साथीपासून रक्षण व्हावं म्हणून ते उभारले, आणि आजही शेजारची घरं आळीपाळीने त्यांची देखभाल करतात. मे महिन्यात संध्याकाळी क्रूसाला फुलं, दिवे लागतात, खुर्च्या रस्त्यावर येतात आणि सगळी गल्ली मिळून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणते. एवढं साधं आणि एवढं सुरेल काही मुंबईत दुसरीकडे मी ऐकलेलं नाही.

मग सप्टेंबर. ८ तारखेला मेरीमातेचा जन्मदिवस, आणि त्याच्या पुढच्या रविवारपासून आठवडाभर माउंट मेरीची जत्रा. आमचे कोळी तिला मोतमाउली म्हणतात. टेकडीवरची आजची चर्चची इमारत १९०४ची, पण तिथली भक्ती फार जुनी आहे. जत्रेतली खरी लोककला मेणाची. हात, पाय, डोळे, तान्हं बाळ, घर, गाडी, अगदी विमानसुद्धा. ज्याला जे हवं, ज्याचं जे दुखतं, त्या आकाराची मेणबत्ती वाहायची. परदेशी नोकरी हवी असलेला विमान घेतो, आणि मूल मागणारी बाई बाळ घेते. विकणाऱ्यांतली कितीतरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. साचे आजोबांचे, हात नातवाचे. रांगेत ख्रिस्ती असतात तितक्याच सहजपणे हिंदू, मुसलमान, पारशीही असतात. या दिवसांत मराठीतूनही मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, होते. बाहेर पडताना कडियो-बोडियो ही मिठाई, पेरूचं ‘चीज’ (पेरूच्या गोड वड्या) आणि भाजलेले चणे घ्या. रविवारी पाय ठेवायला जागा नसते, म्हणून पहिल्यांदा जात असाल तर मधल्या वारी सकाळी जा. बेस्ट जादा गाड्या सोडते. स्वतःची गाडी नेण्याचा विचारही करू नका.

चिंबई आणि खारदांड्याला नारळी पौर्णिमेला जा. जून-जुलैची मासेमारीबंदी संपलेली असते, होड्या रंगवून सजवलेल्या असतात, आणि वाजतगाजत नारळ समुद्राला अर्पण होतो. कोळीवाड्यात फोटो काढण्याआधी विचारा. कोळणीला ‘मावशी’ म्हणून हाक मारलीत, दोन शब्द बोललात, तर बहुतेक वेळा घरात बोलावून चहा मिळतो. कॅमेरा तोंडासमोर धरलात तर मात्र चार शब्द ऐकावे लागतात, आणि ते योग्यच आहे.

डिसेंबरमध्ये पाखाड्यांतून गोठे, म्हणजे येशूच्या जन्माचे देखावे, उभे राहतात. मुलं गवत, माती, पुठ्ठा गोळा करून बेथलेहेम रचतात, आणि दरवर्षी त्यात काहीतरी नवं असतं. ३१ तारखेला जुन्या कपड्यांत पेंढा भरून सरत्या वर्षाचा ‘म्हातारा’ बनवतात आणि मध्यरात्री जाळतात. त्याआधी पोरं वर्गणी मागायला येतील. नव्या शेजाऱ्याची ओळख व्हायला याहून चांगली वेळ नाही.

ईस्ट इंडियन लग्न बघायची संधी आली तर सोडू नका. हा इथला मूळ ख्रिस्ती समाज, मराठीचीच एक बोली बोलणारा. लग्नाआधी बँड लावून विहिरीवर उंबराचं पाणी आणायला जातात, बायका लुगडी नेसून गातात, घुमट नावाचं मातीचं वाद्य वाजतं. पुनर्विकासात विहिरी बुजतात, अंगणं जातात, आणि ही मिरवणूक निघणार कुठून असा प्रश्न उभा राहतो. मला इथल्या टॉवरांचा राग येतो तो याच कारणाने.

राहिला किनारा. बँडस्टँडच्या टोकाचा किल्ला पोर्तुगिजांनी १६४०मध्ये बांधला. त्याच्या पायथ्याशी खुलं नाट्यगृह आहे, समोर सागरी सेतू, आणि तिथे गाणं ऐकणं हा फार मोठा आनंद आहे. पण ही मोकळी जागा आपोआप राहिलेली नाही. रहिवासी संघटना मागे लागल्या, वास्तुरचनाकार पी. के. दास यांनी बँडस्टँड आणि कार्टर रोडच्या पदपथांचे आराखडे केले, तेव्हा कुठे आज तुम्ही जिथे चालता तो काठ मिळाला. २००३मध्ये सुरू झालेला ‘सेलिब्रेट बांद्रा’ महोत्सवही रहिवाशांच्याच पुढाकारातून आला.

तुम्ही या पावसाळ्यात मोकळे असाल तर आधी सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारातला सूचनाफलक वाचा. हे चर्च १५७५चं, आणि कोणत्या गल्लीत कधी काय आहे ते तिथे हमखास कळतं. भरतीच्या वेळी मात्र बँडस्टँडच्या खडकांवर उतरू नका; तिथे माणसं वाहून गेली आहेत.