एका लॅपटॉपात दोन बिऱ्हाडं, बॅकअप कुणाचा घ्यायचा?

प्रश्न : ताई, मी घरून जीएसटी रिटर्न आणि टॅलीची कामं करते. लॅपटॉप एकच, ५१२ जीबीचा. इंजिनिअरिंगच्या मुलाने सुट्टीत त्यातच उबंटू (विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम, लिनक्सची) टाकलं. आता लॅपटॉप चालू केला की यादी येते, वर उबंटू खाली विंडोज, आणि मी वेळेत खालचा बाण दाबला नाही तर उबंटूच उघडतं. १ टीबीची बाहेरची हार्डडिस्क आणलीय. दोन्हीचा बॅकअप एकाच डिस्कवर घेता येतो का? मुलगा म्हणतो क्लोनझिला मारू, मला तर नाव ऐकूनच धडकी भरते.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाव राक्षसाचं असलं तरी प्रोग्रॅम गुणी आहे, फुकट आहे, पण त्याच्याकडे नंतर येते. आधी तुमच्या टॅलीचं बघू, कारण लॅपटॉप उद्या बंद पडला तर विंडोज परत टाकता येतं, उबंटू तर तासाभरात येतं, क्लायंटच्या वर्षभराच्या एंट्र्या मात्र कुणी परत टाकून देणार नाही. आणि एसएसडी, म्हणजे लॅपटॉपमधली नव्या प्रकारची डिस्क, जाताना जुन्या हार्डडिस्कसारखी कुरकुर बहुतेकदा करतच नाही, काल चालू होती आज नाही एवढंच. तर टॅलीतच ऑल्ट-वाय दाबून डेटा मेनूत बॅकअप आहे, तो रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर घ्या. नुसता डॉक्युमेंट्स फोल्डर कॉपी करून समाधान मानू नका, टॅलीचा डेटा सहसा तिथे नसतोच. कंपनी कुठल्या फोल्डरमधून उघडतेय तो पाथ बघून एका कागदावर लिहून ठेवा.

आता दोन्ही बिऱ्हाडांचा एकत्र बॅकअप. वाड्यात दोन भाडेकरू असले तरी दिंडी दरवाजा एकच असतो ना, तसं तुमच्या डिस्कवर विंडोजचा एक भाग, उबंटूचा एक भाग, आणि सुरुवातीला बहुतेक १०० एमबीचा एक चिमुकला भाग आहे, ईएफआय पार्टिशन. लॅपटॉप चालू केल्यावर कुणाला उठवायचं ते तिथल्या फायली ठरवतात, विंडोजच्याही तिथेच आणि उबंटूच्याही तिथेच. विंडोजवाला साधा बॅकअप उबंटूकडे ढुंकून बघत नाही, उबंटूवाला विंडोजकडे बघत नाही, आणि या १०० एमबीकडे तर कुणीच बघत नाही. लोक दोन्हीकडचे बॅकअप मनोभावे घेतात, नवीन डिस्कवर चढवतात, आणि मग काळ्या स्क्रीनवर नुसता कर्सर लुकलुकत बसतो. म्हणून अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे सगळे भाग आहेत तसे उचललेली नक्कल, घ्यायची, आणि त्यालाच क्लोनझिला लागतो. पेनड्राइव्हवर टाकायचा आणि लॅपटॉप त्यावरूनच चालू करायचा, म्हणजे दोघं भाडेकरू झोपलेले असताना मोजदाद होते. तो फक्त भरलेली जागा उचलतो आणि दाबून ठेवतो, त्यामुळे ५१२ जीबीच्या डिस्कची इमेज ५१२ जीबीची होत नाही. तुमच्याकडे दोन्ही मिळून १५० जीबी भरलं असेल तर इमेज साधारण त्याहून लहानच, १ टीबीत आरामात बसेल.

पण बसण्याआधी दोन कामं. पहिलं, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा (कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटण काय करतं ते निवडा, तिथे टिक आहे). ते चालू असेल तर तुम्ही शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवून पडतं, आणि अशा अर्धवट अवस्थेतल्या पार्टिशनची इमेज घ्यायला क्लोनझिला कुरकुरतो. मुलाने उबंटूमधून तुमच्या सी ड्राइव्हमध्ये काही लिहिलं तर त्याच अवस्थेत फायली बिघडू शकतात, तेव्हा हे तसंही बंदच बरं. दुसरं, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप. नवीन लॅपटॉपवर तुम्हाला न विचारता ते चालू झालेलं असू शकतं, सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणून दिसेल. चालू असेल तर क्लोनझिलाला आत काय आहे ते कळत नाही, मग तो रिकामी जागाही बिचारा उचलत बसतो आणि इमेज फुगते. शिवाय बूटमध्ये, म्हणजे लॅपटॉप चालू होण्याच्या व्यवस्थेत, काही हललं की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर मिळते, ती छापून टॅलीच्या त्या कागदाबरोबर ठेवा. लॅपटॉपवरच सेव्ह करू नका, हसू नका, लोक करतात.

क्लोनझिला डिस्कना सी-डी अशी नावं देत नाही. लॅपटॉपमधली एनव्हीएमई एसएसडी बहुधा 'एनव्हीएमई०एन१' म्हणून दिसेल, बाहेरची 'एसडीए' किंवा 'एसडीबी', पेनड्राइव्हही त्याच रांगेत. नावावर जाऊ नका, शेजारचा आकार वाचा. मी एकदा घाईत, रात्री साडेअकराला, आकार न वाचता नुसतं 'वाय' 'वाय' दाबत गेले आणि जी इमेज लॅपटॉपवर चढवायची होती ती बाहेरच्या डिस्कवरच चढवली, त्यात आमचे लग्नापासूनचे फोटो होते. प्रोग्रॅमने दोनदा विचारलं होतं, चूक माझीच. इमेज घेताना धोका कमी, परत चढवताना सगळा. तेव्हा चढवायच्या वेळी मुलाला शेजारी बसवा आणि दोघांनी मोठ्याने आकार वाचा.

ही इमेज रोज घ्यायची नसते. वर्षातून दोनतीनदा, किंवा विंडोजचं मोठं अपडेट यायच्या आदल्या दिवशी. रोजचं काम फायलींच्या कॉपीचं.

प्रश्न : मी मिंटवर (हेही उबंटूसारखं लिनक्सच) टाइमशिफ्ट लावलंय, रोज स्नॅपशॉट होतो, म्हणजे सिस्टिम त्या दिवशी होती तशी जपली जाते. मग वेगळा बॅकअप कशाला?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : कारण टाइमशिफ्ट तुमच्या फायली घेतच नाही! तुम्ही मुद्दाम सांगितलं नसेल तर होम फोल्डर ते सोडून देतं. त्याचं काम सिस्टिम मागे नेणं, अपडेटने ग्राफिक्स बिघडले की कालच्यावर जा, एवढंच, आणि त्यात ते फार चांगलं आहे. विंडोजशी तर त्याचा संबंधच नाही. आणखी एक, स्नॅपशॉट त्याच एसएसडीवर असतील तर एसएसडीबरोबर तेही जातील. बाहेरच्या डिस्कवर ठेवायचे तर तिथे ईएक्सटी४सारखं लिनक्सच्या पद्धतीचं पार्टिशन लागतं, विंडोज आणि लिनक्स दोघांना वाचता येणाऱ्या एक्सफॅटवर चालत नाही कारण तिथे लिनक्सच्या परवानग्या टिकत नाहीत. डिस्कचे दोन भाग करा, मोठा एक्सफॅट, छोटा ईएक्सटी४. मग कधीतरी ती डिस्क विंडोजला लावल्यावर 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा' असा शहाणपणा स्क्रीनवर येऊ शकतो. विंडोजला ईएक्सटी४ वाचता येत नाही म्हणून ते रिकामं समजतं. कॅन्सल दाबा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

प्रश्न : ५१२ जीबीची एसएसडी १ टीबीवर क्लोन केली, दोन्ही मशीनमध्येच आहेत. आता कधी जुनी सिस्टिम उघडते कधी नवी, कालची फाइल आज दिसत नाही.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जुनी बाहेर काढा. क्लोन म्हणजे जुळं, पार्टिशनचे ओळख नंबरसुद्धा तेच, आणि उबंटू नंबर बघूनच दार उघडतं, दोघांचा नंबर एक म्हटल्यावर जो आधी सापडेल तो. जुनी काढून मशीन एकदा चालवा. बूट झालं नाही तर घाबरू नका, बूटची यादी डिस्कवर नसते, मदरबोर्डमध्ये असते, ती बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन नव्या डिस्कवर वळवावी लागते. आठवडाभर नीट चाललं की मगच जुनी पुसा.

प्रश्न : उबंटू वापरून विंडोजमध्ये आलो की घड्याळ साडेपाच तास मागे असतं. याने बॅकअपवर काही परिणाम होतो का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : होतो, आणि हे विचारणारे तुम्ही पहिलेच. मदरबोर्डवरचं घड्याळ विंडोज स्थानिक वेळ समजतं आणि उबंटू ग्रीनिचची, म्हणून नेमका आपल्या साडेपाच तासांचा फरक. आता समजा तुम्ही दुपारी १ वाजता उबंटूमधून एक फाइल सेव्ह केली, मग ३ वाजता विंडोजमध्ये आलात आणि तीच फाइल बदलली, तिच्यावर शिक्का पडला सकाळी साडेनऊचा. 'फक्त नवीन असेल ते कॉपी कर' अशा सेटिंगवर चालणारा बॅकअप तिला जुनी समजून सोडून देईल, आणि तुम्हाला वाटेल झालं कॉपी. उबंटूच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल' कमांडचा 'सेट-लोकल-आरटीसी' पर्याय आहे, त्याला १ द्या, दोघांची वेळ जुळेल. उबंटू त्यावर इंग्रजीत जरा इशारा देतं, ते उन्हाळ्यात घड्याळं पुढेमागे करणाऱ्या देशांसाठी, आपल्याकडे ती भानगड नाही. मग विंडोजमध्ये वेळ एकदा सिंक करा आणि आजवर सुटलेल्या फायलींसाठी एक पूर्ण कॉपी नव्याने घ्या.