डोंगरात पाहुणे नेण्याचे काम: लातूर जिल्ह्यातील एका वडिलांच्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. आपला मुलगा लातूरला राहून दोनदा नीट परीक्षेला बसला, दोन्ही वेळा शासकीय महाविद्यालयापुरते गुण पडले नाहीत आणि गेल्या दिवाळीत मित्रांबरोबर नेपाळला जाऊन अन्नपूर्णा बेस कॅम्पचा ट्रेक व त्रिशूली नदीवरचे राफ्टिंग करून आल्यापासून, पर्यटकांना डोंगरात नेण्याचेच काम आपण करणार असे तो म्हणतो आहे, असे आपण कळवले आहे. हा खरोखर व्यवसाय आहे का, काठमांडूत नोकरीची हमी देणाऱ्या एजंटाकडे पैसे भरावेत का आणि पदवीचे काय करायचे, असे आपण विचारले आहे.

व्यवसाय आहे, यात शंका नाही. आठ हजार मीटरहून उंच अशा जगातील १४ शिखरांपैकी ८ नेपाळच्या भूमीवर किंवा सीमेवर आहेत आणि तेथे येणाऱ्या पाहुण्यांवर वाटाडे, भारवाहक, राफ्टिंगचे गाइड, पोखऱ्याचे पॅराग्लायडिंगचे वैमानिक अशा असंख्य माणसांचे घर चालते. मात्र आपल्या मुलाने हे काम अजून केलेले नाही. दुसऱ्याने केलेल्या कामाचा आनंद घेतला आहे. ४,१३० मीटरवरच्या त्या बेस कॅम्पला तो हिमशिखरे पाहत असताना त्याच्या गटाचा गाइड कोण जेवले नाही, कोणाचे डोके दुखते आहे, कोणाचा पाय अडखळतो आहे, हे पाहत असणार. साधारण अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. म्हणून तीन हजारांच्या पुढे मुक्कामाची उंची एका दिवसात सुमारे ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि अधूनमधून विश्रांतीचा दिवस ठेवावा, असा संकेत आहे. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर त्या माणसाला तातडीने खाली उतरवणे हाच मुख्य उपाय असतो, मग रात्र असो की शिखर तासाभरावर असो. पूर्ण पैसे भरून आलेल्या, वयाने मोठ्या पाहुण्याला 'आता परत फिरायचे' असे शांतपणे सांगून ते अमलात आणण्याची तयारी मुलात आहे का, हे मला चढाईच्या दमापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते.

काठमांडूच्या नोकरीबाबत माझे मत स्पष्ट आहे: पैसे भरू नयेत. परदेशी ट्रेकरने परवानाधारक गाइड घेतला पाहिजे, असा नियम नेपाळने एप्रिल २०२३ पासून अनेक मार्गांवर लागू केला आहे आणि हे काम तेथील भाषा, गावे व वाटा लहानपणापासून जाणणाऱ्या स्थानिक तरुणांचे आहे. तेथे लातूरच्या नवख्या मुलासाठी कोणी जागा राखून ठेवलेली नाही.

त्याची जागा वेगळी असू शकते. आपल्याकडून पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथच्या यात्रेला दरवर्षी कितीतरी ज्येष्ठ मंडळी जातात. पोखरा समुद्रसपाटीपासून जेमतेम ८०० मीटरवर आहे, तर मुक्तिनाथाचे मंदिर सुमारे ३,८०० मीटरवर. आणि जीपने हे अंतर इतक्या झटपट कापले जाते की शरीराला सवय होण्यास वेळच मिळत नाही. रक्तदाबाची गोळी कोण विसरले, हे मराठीत विचारणारा, मुक्तिनाथच्या वाटेवरच्या जोमसोमला एक मुक्काम वाढवा म्हणून आयोजकाशी भांडणारा आणि स्थानिक गाइडशी नीट समन्वय ठेवणारा प्रशिक्षित सहलप्रमुख अशा गटांना हवा असतो. या कामात मुलाची मराठी हे त्याचे भांडवल ठरेल.

त्यासाठी प्रशिक्षण भारतातच घ्यावे. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, १९५४ साली स्थापन झालेली दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था आणि मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था येथे सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम असतो. त्यात 'अ' श्रेणी मिळाली तरच पुढच्या प्रगत अभ्यासक्रमाचा आणि त्यानंतर प्रशिक्षक होण्याचा मार्ग खुला होतो, त्यामुळे केवळ प्रमाणपत्रासाठी जाणे व्यर्थ आहे. प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून अर्ज बराच आधी करावा. दुर्गम भागातील प्रथमोपचाराचा स्वतंत्र अभ्यासक्रमही करावा. माझ्या मते नोकरी देणाऱ्याने आधी तोच पाहायला हवा. राफ्टिंगचीच ओढ असेल, तर ऋषिकेशला अनुभवी गाइडच्या हाताखाली उमेदवारी करावी लागेल, कारण विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेल्या आपल्या मुलांना वाहत्या बर्फाळ पाण्याचा अंदाज नसतो.

तोवर त्याने सह्याद्रीत एखाद्या जुन्या गिर्यारोहण संस्थेबरोबर स्वयंसेवक म्हणून वर्षभर जावे. देवगिरी किंवा कन्नडजवळचा अंतूर किल्ला पायाखाली घालणे ठीक, पण दोरकाम आणि पावसातले गट सांभाळणे घाटमाथ्यावरच शिकता येते. (लातूर पॅटर्नने मुलांना बारा-बारा तास बसण्याची सवय लावली आहे, पायांना दम यायला काही महिने जातील.)

मिळकतीविषयी आपली शंका रास्त आहे. नेपाळचे मुख्य हंगाम दोन, मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. हिमाचल-उत्तराखंडातले ट्रेक प्रामुख्याने उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर. आपल्याकडचे जून ते फेब्रुवारी. ही साखळी जुळवली तरी पहिली काही वर्षे रोजंदारीच असते, आजारपणाच्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत आणि गुडघे कायम साथ देतात असे नाही. त्यामुळे पदवी सोडू नये. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून कला किंवा वाणिज्य शाखेची पदवी घेत हंगामी काम करता येते आणि पुढे स्वतःची संस्था काढायची झाल्यास हिशेब, करार व विमा समजणारा माणूस टिकतो. छत्रपती संभाजीनगरचे रफिक शेख यांनी २०१६ मध्ये एव्हरेस्ट सर केले ते पोलीस दलातील नोकरी सांभाळून, हेही मुलाला सांगावे. डोंगर आणि पगार एकाच ठिकाणाहून आले पाहिजेत, असे नाही.

तिसऱ्यांदा नीटला बसण्याचा आग्रह मात्र, त्याची स्वतःची इच्छा नसेल, तर धरू नये. एजंटाला द्यायच्या रकमेतून आधी चांगले बूट, वैद्यकीय तपासणी आणि प्राथमिक अभ्यासक्रमाचे शुल्क भागवावे. श्रेणी हाती आल्यावर ती घेऊन दोघेही मला भेटा. पुढचा अर्ज कोठे करायचा, हे तेव्हा ठरवू.

आपला,
करिअर मार्गदर्शक