भाडेकरूंचा अर्ज कुठे अडतो?

प्रश्न : आमचे मंडळ दिघा परिसरात काम करते. म्हाडाच्या कोकण मंडळाची किंवा सिडकोची घरांची सोडत जाहीर झाली की भाड्याने राहणारी कुटुंबे अर्ज भरून घेण्यासाठी आमच्याकडे येतात. त्यांत रिक्षाचालक असतात, घरकाम करणाऱ्या महिला असतात, नाक्यावरचे मजूर असतात. बरेचसे अर्ज कागदपत्रांपाशीच थांबतात. यात सुधारणा कशी करता येईल? (एक कार्यकर्ता, नवी मुंबई)

उत्तर : ‘सोडत जाहीर झाली की’ असे आपण लिहिले आहे, अडचणीचे मूळ बहुधा तिथेच असावे. पूर्वी म्हाडाची सोडत आधी निघत असे आणि पात्रता मागाहून तपासली जात असे. २०२३ पासून नव्या संगणकीय प्रणालीत कागदपत्रे नोंदणीच्या वेळीच द्यावी लागतात. आम्हाला ही पद्धत अधिक सरळ वाटते, मात्र ज्याचे दाखले तयार नाहीत त्याचे जाहिरातीनंतरचे मोजके दिवस सेतू केंद्राच्या रांगेतच संपतात. म्हाडाची नोंदणी एकदाच करायची असून त्यासाठी जाहिरातीची वाट पाहावी लागत नाही. म्हणून मंडळाने हे काम सोडत नसलेल्या महिन्यांत हाती घ्यावे.

सर्वाधिक लक्ष उत्पन्नाच्या दाखल्याकडे द्यावे. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी कमीत कमी उत्पन्न दाखवण्याची सवय अनेक कुटुंबांना जडलेली असते आणि तोच आकडा घराच्या अर्जातही उतरतो. मुंबई महानगर प्रदेशात अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा २०२२ पासून वार्षिक ६ लाख रुपये आहे. पती रिक्षा चालवून महिना २० हजार आणि पत्नी घरकाम करून १२ हजार मिळवत असेल, तर दोघांचे मिळून वर्षाचे ३ लाख ८४ हजार होतात, म्हणजे खरे उत्पन्न सांगूनही ते कुटुंब मर्यादेच्या बरेच आत राहते. याउलट, दाखल्यावर ६० हजार लिहून घेतलेल्या कुटुंबाला घर लागले, तरी त्या आकड्यावर कोणती बँक गृहकर्ज देणार? प्राप्तिकर विवरणपत्र भरत नसल्यास तहसीलदारांचा दाखला चालतो. तो मागील आर्थिक वर्षाचा असावा आणि विवाहित अर्जदाराने जोडीदाराचे उत्पन्नही द्यावे. ऐरोली, घणसोली, दिघा हा भाग ठाणे तालुक्यात येतो, तर खारघर-कळंबोलीच्या रहिवाशांना पनवेल तहसील गाठावे लागते. नवी मुंबई म्हणून सगळ्यांना एकाच कार्यालयात पाठवले की एक दिवसाची मजुरी बुडते.

दुसरी अडचण खास भाडेकरूंची आहे. दर ११ महिन्यांनी घर बदलणाऱ्याला अधिवासाच्या दाखल्यासाठी राज्यातील १५ वर्षांचे वास्तव्य दाखवायचे असते आणि वीजबिल मात्र घरमालकाच्या नावावर असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, व नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्थात कायद्याचे कलम दाखवून मालकाशी वाकडे घेणे गरीब भाडेकरूला परवडत नाही, हे आम्ही जाणतो. तिथे मंडळाने मध्यस्थी करावी आणि नोंदणीचा खर्च वाटून घेण्याचा तोडगा सुचवावा. मुलांचे शाळेचे दाखले, शिधापत्रिका आणि जुने करार एकाच पिशवीत जपून ठेवायला सांगावे.

दाखला मुदतीत मिळाला नाही, तर २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानुसार प्रथम अपील करता येते. त्यासाठी अर्जाची पोच हवी. ती न घेता परतणारे पुष्कळ असतात.

प्रश्न : मी घरकाम करते. माझा अर्ज ओळखीच्या दुकानदाराने भरून दिला. पुढे काय झाले ते मला कळलेच नाही. (एक वाचक, कळवा)

उत्तर : ताई, अर्जात मोबाइल क्रमांक कोणाचा टाकला आहे, हे आधी पाहा. घाईच्या वेळी दुकानदार स्वतःचाच क्रमांक टाकतात, मग सांकेतिक क्रमांक (ओटीपी) आणि त्रुटी कळवणारे संदेश त्यांच्याकडेच जातात. बँक खातेही आपल्याच नावाचे आणि चालू स्थितीत असावे, कारण घर न लागल्यास अनामत रक्कम त्याच खात्यात परत येते. अर्जाचे शुल्क तेवढे परत मिळत नाही. म्हाडा आणि सिडको यांनी कोणताही दलाल नेमलेला नाही, तेव्हा ‘नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.