घरी केलेले पाव बेकरीसारखे मऊ का होत नाहीत? यीस्ट बदलून बघू का?

यीस्टचा दोष नाही. कोमट दुधात साखरेबरोबर दहा मिनिटांत फेस आला ना? मग यीस्ट जिवंत आहे, तो विषय संपला. तुम्ही पुढे लिहिलंय, ‘पीठ फार चिकटत होतं म्हणून वरून मैदा घालत गेले.’ ते वाचलं आणि उत्तर लिहायला बसले.

मी कोथरूडला राहते. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मुलाच्या वाढदिवसाला सासरची नऊ माणसं जेवायला होती. बेत पावभाजीचा, पाव घरचे. त्याआधी महिनाभर दर रविवारी पाव करून मी हात बसवला होता. 1 किलो मैदा, दूध-पाणी मिळून 660 मिली. सगळं एकत्र करून परात झाकली आणि अंघोळीला गेले. बाहेर येते तर मोठ्या जाऊबाई ओट्याशी. “अगं, पीठ केवढं सैल झालं होतं! पाच मुठी मैदा घातला आणि घट्ट मळून ठेवलं. बघ, आता हाताला लागतंय का?” वहिनी वयाने मोठ्या, घरात पाहुणे. मी गप्प बसले.

पाव वरून खरपूस आणि आत गच्च. सासूबाईंना तुटेनात, त्यांनी भाजीत भिजवून कसेबसे खाल्ले. शेवटी धाकटे दीर कोपऱ्यावरून लादी घेऊन आले. वहिनी म्हणाल्या, “पाव घरी होत नसतात, ती भट्टीवाल्यांची कामं.” हे वाक्य अजून दर समारंभात निघतं.

दुसऱ्या दिवशी मी माझी मूठ काट्यावर मोजली. 40 ग्रॅम मैदा बसतो. पाच मुठी म्हणजे 200 ग्रॅम. किलोला 660 मिली होतं ते 1200 ग्रॅमला 660 झालं, म्हणजे 66 टक्क्यांवरून थेट 55. मऊ पाव कुठून होणार? पाव फुगायचा तर पीठ ताणलं गेलं पाहिजे, आणि मैद्यातला चिवटपणा पाण्याशिवाय तयारच होत नाही. कालवल्यावर वीस मिनिटं झाकून ठेवा, मैदा पाणी पितो. मग बारा-पंधरा मिनिटं मळा. चिकटपणा मळण्याने जातो, पिठाने नाही. अगदीच हाताला लागलं तर तेलाचं बोट घ्या. लोणी शेवटी घाला. पिठाचा तुकडा ताणल्यावर न फाटता आरपार उजेड दिसला की झालं.

पुण्यातल्या थंडीत एक तासात पीठ दुप्पट होईल ही आशा सोडा, माझं दोन तास घेतं. बंद ओव्हनमध्ये शेजारी गरम पाण्याचं पातेलं ठेवते. गोळे ट्रेमध्ये जवळजवळ लावा. फुगून एकमेकांना चिकटले की कडा कोरड्या पडत नाहीत, लादीचा मऊपणा त्यातच आहे. गोळे पुन्हा फुगले की 200 अंशांवर वीसेक मिनिटं. बाहेर काढल्याबरोबर लोणी लावून कापडाने झाका.

दुसऱ्या दिवशी कडक होतात म्हणालात, तर फ्रिजमध्ये ठेवू नका. तिथे पाव लवकर शिळा होतो. डब्यात ठेवा, नाहीतर सरळ फ्रीझरमध्ये.

हां, प्रत्येक मैदा सारखं पाणी पीत नाही, म्हणून दोन-तीन चमचे दूध मागे ठेवून लागेल तसं घाला. निम्मी कणीक घालणार असाल तर पाणी वाढवा, पण इतका हलका पाव मिळणार नाही.

वहिनींच्या पुरणपोळ्यांना मात्र तोड नाही. होळीला त्यांच्याकडे गेले की बघते, कणीक सैल भिजवतात आणि तेल घालून तिंबत राहतात. ताणली जाईपर्यंत थांबत नाहीत, आणि हाताला चिकटते म्हणून कधी मूठभर पीठ घालत नाहीत. त्या दिवशी परातीपाशी मला हेच सांगता आलं असतं. तुम्ही पुढच्या वेळी मळायला घ्याल तेव्हा मैद्याचा डबा आधी कपाटात ठेवून द्या.