केदारकंठासाठी 46 हजारांचं सामान: ईएमआय करू, एफडी मोडू की एसआयपी थांबवू?

ताई नमस्कार. आधी तुमचं म्हणणं थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. राहता सोलापुरात, ज्युनिअर कॉलेजला विनाअनुदानित तुकडीवर शिकवता, हातात 31,000 येतात, घरात 20,000 जातात, 3,000 ची एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला जाणारे पैसे), पेट्रोल-मोबाईल धरून अजून 3,000, म्हणजे महिन्याला पाचेक हजार उरतात. सेव्हिंगला 11,000 आणि 1,20,000 ची एफडी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मैत्रिणींसोबत उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या बर्फातल्या ट्रेकला चाललाय, ट्रेकची फी आणि रेल्वेचं तिकीट भरून झालंय, आणि पुण्याच्या दुकानात जाऊन कपडे-सामानाची यादी केली तर आकडा आला 46,100. आता कार्डावर 9 महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय करू, एफडी मोडू की चार महिने एसआयपी बंद ठेवू, असं विचारताय.

तिन्ही नको, कारण यादीच निम्म्यावर येतीय.

तुम्ही स्वतःच लिहिलंय की सांकरीत, म्हणजे जिथून ट्रेक सुरू होतो तिथे, सामान भाड्याने मिळतं आणि अख्ख्या ट्रेकचे रेटही दिलेत: डाऊन जॅकेट (पिसं भरलेलं) 800, सॅक 700, काठ्यांची जोडी 400, वॉटरप्रूफ जॅकेट-पँट 900. एकूण 2,800. ह्याच चार गोष्टी विकत घेतल्या तर तुमच्या यादीत 7,000, 6,500, 2,400 आणि 7,500 आहेत, बेरीज 23,400. मिस्टर म्हणतायत दरवर्षी जाणार असशील तर घेऊनच टाक, तर त्यांना एवढंच विचारा की 7,000 ला 800 ने भागलं तर किती येतं. जवळजवळ नऊ. म्हणजे दरवर्षी एक ट्रेक धरला तरी नवव्या वर्षी ते जॅकेट वसूल होणार, आणि मधल्या काळात सोलापुरात ते घालणार कधी, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत सुद्धा आपल्याला साधा स्वेटर पुरतो. कपाटात दाबून ठेवलं की डाऊनचा फुगीरपणा कमी होतो, सॅकच्या आतलं कोटिंग काही वर्षांनी चिकट होऊन सुटायला लागतं, म्हणजे नऊ वर्षं टिकेलच असंही नाही. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 च्या वरच्या कपड्यांवर 18 टक्के जीएसटी आहे, त्यामुळे त्या 7,000 मधले हजारेक रुपये तर नुसता कर. थर्मल (आतून घालायचे गरम कपडे), फ्लीस (मऊ, लोकरीसारखं जॅकेट) असल्या 2,500 च्या आतल्या कपड्यांवर 5 टक्केच.

पण सगळंच भाड्याने घ्या असं मी म्हणणार नाही, बूट तर अजिबात नाही. दुसऱ्याच्या पायाच्या आकाराला बसलेला बूट घालून बर्फात चार-पाच दिवस चालायचं म्हणजे पहिल्याच दिवशी फोड, आणि मग फी गेली, तिकीट गेलं, सुट्टी गेली. तुमच्या अख्ख्या यादीतला सगळ्यात वाजवी खर्च म्हणजे ते 6,500 चे बूट, आणि ते पहिल्यांदा घ्या, ह्याच पगारात, सेव्हिंगमधले दीड-दोन हजार घालून. घोट्याच्या वर येणारे, वॉटरप्रूफ, संध्याकाळी जाऊन घ्या कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो, आणि सोबत लोकरीचे मोजे न्या, ते घालून माप बघा. उतारावर बोटं पुढे आदळायला नकोत म्हणून अर्धा नंबर मोठा चालेल. मग कंबर तलावाला रोज सकाळी तेच घालून फेऱ्या मारा, लोक बघतील, बघू देत. ट्रेक झाल्यावर सुद्धा महिन्यातून एखादवेळ वापरा, नुसते ठेवून दिले तर काही बुटांचे सोल थोड्या वर्षांनी भुगा होऊन निघतात.

अंगाला लागणारं सामानही स्वतःचंच. फक्त मोजून. थर्मलचे तीन सेट लिहिलेत 4,200 चे, दोन बास, एक चालायला आणि एक फक्त तंबूत झोपायला, तो कोरडाच राहिला पाहिजे. 2,800. आपल्या सोलापूरच्या नवी पेठेत इनर (थर्मल) मागितला की बऱ्याचदा कॉटनचा काढून देतात, लेबल वाचा, पॉलिस्टर किंवा लोकर हवी. कॉटन घाम पितं आणि लवकर वाळत नाही, चालताना कळत नाही पण थांबलात की तोच ओलावा अंग गार करतो. केदारकंठाचा माथा 12,500 फूट, म्हणजे 3,810 मीटर, आपण राहतो साडेचारशे मीटरच्या आसपास, दर हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश उतरतात असं धरलं तर नुसत्या उंचीनेच वीस-बावीस अंशांचा फरक पडतो, वर तो उत्तरेतला डिसेंबर, रात्री शून्याच्या खालीच. त्यामुळे जीन्स घरी. आणि सोलापूरकर असून सांगतो, आपली चादर आणि टेरी टॉवेल पण घरीच ठेवा, दोन्ही कॉटन, दोन्ही जड, तो टॉवेल एकदा भिजला की ट्रेक संपेपर्यंत वाळायचा नाही.

फ्लीस दोनच्या जागी एक, 1,400, दुसऱ्या थराला घरातला लोकरीचा स्वेटर आहेच की. ट्रेक पँट एक विकत, 1,800, दुसरी तुमची जिमची ट्रॅकपँट. हातमोजे-टोपी-मोजे 3,100, यूव्ही गॉगल 1,200, हेडटॉर्च 1,300, ह्यात काटकसर नको, बर्फावरून उलटणारं ऊन डोळ्याला फार त्रास देतं आणि माथ्याकडे निघतात अंधारात. झालं, खरेदी 18,100 आणि भाडं 2,800, मिळून 20,900. स्लीपिंग बॅग, गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पायावर बांधतात ते), मायक्रोस्पाईक (बर्फावर घसरू नये म्हणून बुटाखाली लावायचे काटे) फीमध्ये धरलेत का ते आयोजकांना विचारून घ्या, बहुतेक ठिकाणी असतात.

आता पैसे. आत्ता ऑगस्ट संपत आलाय, म्हणजे निघायच्या आधी चार पगार, पाच-पाच हजारांनी 20,000. राहिलेले 900 सेव्हिंगमधून. विषय तिथेच मिटतो.

ईएमआयचं मात्र सांगतो, कारण नो कॉस्ट म्हणलं की फुकट वाटतं. 46,100 चे 9 हप्ते म्हणजे महिन्याला 5,122, तुमचे उरणारे सगळेच पैसे त्यात जाणार. व्याज दुकानदार किंवा कंपनी डिस्काउंटमधून भरते पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी सहसा तुमच्याच बिलात येतो, वर प्रोसेसिंग फी, आणि रोख घेतलं तर मिळाली असती ती सूट बुडते. एखाद्या महिन्यात बिल पूर्ण भरता आलं नाही तर मग महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज. सप्टेंबरला सुरू झालेले हप्ते मे मध्ये संपणार, म्हणजे बाहेर 43 डिग्री आणि तुम्ही डाऊन जॅकेटचा हप्ता भरताय.

एफडी मोडली तर तसं नुकसान फार नाही, जितके दिवस ठेवली तितक्या दिवसांचा रेट आणि अर्धा-एक टक्का दंड. पण विनाअनुदानितला पगार कधी लांबेल सांगता येत नाही, तेव्हा तुमच्याकडे दुसरं काय आहे? ती तशीच राहू द्या. अगदीच अडलं तर एसआयपी दोन महिने पॉज करा, बऱ्याच फंडांत ती सोय असते, तिघांत सगळ्यात कमी दुखणारा पर्याय तोच. जानेवारीत परत सुरू झाली का ते बघा.

वाचलेल्या पैशातून एक खर्च मी उलट वाढवीन, ट्रेकचा विमा. मेडिक्लेम हॉस्पिटलच्या बिलाला असतो, डोंगरावरून खाली आणायचा खर्च सहसा त्यात येत नाही. आयोजकांच्या फीमध्ये असेल तर पॉलिसीचा कागद मागून घ्या आणि उंचीची मर्यादा किती लिहिलीय ते वाचा, 3,810 मीटर त्यात बसायला हवेत. भाड्याचं सामान पण आधीच आयोजकांकडून मेसेजवर पक्कं करा, डिसेंबरच्या शेवटी तिथे गर्दी असते. सांकरीत पोचल्यावर त्याच संध्याकाळी जॅकेटची चेन दोनदा वर-खाली करून बघा, सॅकचा कमरेचा पट्टा लावून बघा, खराब असेल तर तिथेच बदलून मागा. आणि डिपॉझिटची पावती फोनमध्ये फोटो काढून ठेवा.