पंजाबी साहित्य वाचायचंय? आधी तिघंच घ्या

पंजाबी साहित्यात कोणाला वाचायचं याची तुमची यादी बघितली, भारी आहे, पण एवढी नावं एकदम घेतलीत तर गोंधळ उडेल. सध्या तिघंच.

१) अमृता प्रीतम. सगळे शायर साहिर आणि चित्रकार इमरोज यांच्यासोबतच्या तिच्या प्रेमाच्या किश्श्यांपासून सुरू करतात आणि तिथेच अडकतात. त्यापेक्षा 'अज्ज आखां वारिस शाह नूं' वाचा, फाळणीवरची कविता आहे, त्यात अमृता 'हीर' ही प्रेमकथा लिहिणाऱ्या जुन्या पंजाबी कवी वारिस शाहला कबरीतून बोल म्हणते, पंजाबची एक लेक (हीर) रडली तर तू एवढं लिहिलंस, आज लाखो रडतायत. मग तिची कादंबरी 'पिंजर'.

२) गुरदयाल सिंग. माझे लाडके, त्यामुळे जरा जास्तच बोलणार. सुतारकाम करणाऱ्या घरातला माणूस, पोरवयात शाळा सुटली, पुढे १९९९ चं ज्ञानपीठ. 'मढी दा दीवा' (१९६४) या कादंबरीतला जगसीर दलित शेतमजूर, दुसऱ्याच्या शेतात राबतो, आणि त्याच्या बापाची त्या शेतातली मढी म्हणजे विटांची समाधी, तीसुद्धा मालकाचा पोरगा राहू देत नाही. हिंदीत मिळते, सावकाश वाचा.

३) शिवकुमार बटालवी. नुसती विरहाची गाणी ऐकून थांबू नका, 'लूणा' हे काव्यनाटक घ्या, पंजाबी लोककथेतल्या पूरन भगताची गोष्ट त्याच्या सावत्र आईच्या, लूणाच्या बाजूने.

आणि हो, मंटो, राजिंदर सिंग बेदी हे कथाकार पंजाबचेच पण लिहायचे उर्दूत, ते तुमच्या यादीतून काढा. गुरुमुखी, म्हणजे पंजाबीची लिपी, नंतर शिका, वारिस शाह त्याहून नंतर. मधेच कंटाळा आला तर गुरु ग्रंथ साहिबमधली आपल्या नामदेवांची पदं उघडा, ६१ आहेत.