पाळीच्या रात्री मागच्या बाजूने लागणारा डाग

प्रश्न : मी ऐरोलीला राहते आणि यंदा दहावीत आहे. पाळीच्या पहिल्या दोन रात्री माझे कपडे आणि चादर हमखास खराब होतात. आमचे घर लहान आहे, त्यामुळे मी आजीशेजारी खाली गादीवर झोपते आणि पलीकडे धाकटा भाऊ असतो. डाग लागू नये म्हणून मी रात्रभर उताणी, न हलता झोपते, दोनचा गजर लावून पॅड बदलते, कधी एकावर एक दोन पॅडही लावते. तरी सकाळी मागच्या बाजूला डाग असतोच. नळाला पाणी असेपर्यंत चादर धुवावी लागते आणि आई चिडते. मला काही आजार आहे का?

उत्तर : तुझ्या पत्रातील ‘उताणी’ आणि ‘मागच्या बाजूला’ या दोन शब्दांतच बरेचसे उत्तर आहे. दिवसा आपण उभे किंवा बसलेले असतो, तेव्हा रक्त सरळ खाली, पॅडच्या मधोमध पडते. उताणे झोपल्यावर मात्र ते नितंबांमधील घळीतून पाठीच्या दिशेने ओघळते, आणि साधारण 24 सेंटिमीटर लांबीचा नेहमीचा पॅड तिथपर्यंत पोहोचतच नाही. जाहिरातीत पॅड टेबलावर सपाट ठेवून त्याच्या मधोमध निळे पाणी ओततात. तसे कोणी झोपत नाही. म्हणजे डाग लागू नये म्हणून तू ज्या स्थितीत अंग आखडून पडून राहतेस, तीच स्थिती डागाला वाट करून देते.

एकावर एक दोन पॅड लावण्याचाही उपयोग होत नाही, कारण पॅडच्या खालच्या बाजूला रक्त न झिरपणारा प्लास्टिकचा थर असतो. वरचा पॅड भरला की रक्त खालच्या पॅडमध्ये न जाता कडेने बाहेर पडते आणि खालचा कोरडाच राहतो. दोन वापरायचेच असतील तर दुसरा पहिल्याच्या मागे, टोकावर थोडे टोक येईल असा लाव, म्हणजे जाडीऐवजी लांबी वाढेल.

पुढच्या पाळीत एक गोष्ट कर. सकाळी काढलेला पॅड कागदात गुंडाळण्याआधी क्षणभर नीट पाहा. पुढचा भाग कोरा आणि मागचे टोक भिजलेले असेल, तर पॅड पुरेसा आहे, फक्त त्याची जागा चुकली आहे. एकच कड भिजली असेल, तर निकर सैल आहे किंवा पॅड झोपेत फिरला आहे. पॅड या टोकापासून त्या टोकापर्यंत जड झाला असेल, तर रक्तस्राव खरोखर जास्त आहे का, हे पाहावे लागेल. त्याविषयी पुढे लिहिते.

जागा चुकत असेल तर उपाय सोपा आहे. त्या दोन रात्रींपुरता 32 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, मागे रुंद होत गेलेला आणि विंग्ज असलेला रात्रीचा पॅड घे आणि त्याची जादा लांबी पाठीकडे जाईल असा लाव. निकर अंगाला नीट बसणारी हवी, कारण इलॅस्टिक सैल झालेल्या निकरमध्ये महागातला पॅडही जागेवर राहत नाही. झोपण्याच्या अगदी आधी पॅड बदल, मग संध्याकाळचा पॅड कितीही स्वच्छ दिसो. मऊ सुती कापडाची बोटभर रुंद घडी करून ती नितंबांच्या घळीत, पॅडला टेकून ठेवली, तर पाठीकडे जाणारा ओघळ तिथेच अडतो. अशा कापडासाठी आजीची जुनी साडी उत्तम, मात्र ते धुऊन उन्हात वाळवलेले असावे आणि पावसाळ्यात ऊन नसेल तर त्यावर इस्त्री फिरवावी. कुशीवर, गुडघे थोडे दुमडून झोप. झोपेत कूस बदलली तर बदलू दे.

पहाटेच्या डागाचे आणखी एक कारण आहे. आडवे असताना योनिमार्गात थोडे रक्त साचते आणि उभे राहताच ते एकदम खाली येते. म्हणून उठल्यावर आधी बाथरूममध्ये जा. गादीची गुंडाळी मागाहून होईल.

धाकट्या भावाचे तान्हेपणीचे मेणकापड घरात असेल, तर ते चादरीखाली घाल आणि वर गडद रंगाचा टॉवेल पसर, म्हणजे धुवायचा झाला तर टॉवेलच धुवावा लागेल. डाग थंड पाण्यानेच काढ, कारण गरम पाण्याने रक्तातील प्रथिने घट्ट होऊन धाग्यात बसतात.

लांब पॅड महाग असतात, म्हणून ते रात्रीसाठी राखून ठेव. दिवसासाठी जनऔषधी केंद्रातील ‘सुविधा’ पॅड ऑगस्ट 2019 पासून एक रुपयाला एक या दराने देण्यात येऊ लागले. मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे योनिमार्गात बसवून रक्त साठवणारा मऊ कप, तुझ्या वयातही चालतो आणि तो बारा तासांपर्यंत ठेवता येतो. मात्र तो नीट बसवण्याची सवय व्हायला दोनतीन पाळ्या जातात, त्यामुळे बोर्डाच्या परीक्षेच्या आठवड्यात त्याचा पहिला प्रयोग करू नकोस. टॅम्पॉन, म्हणजे योनिमार्गात ठेवायची रक्त शोषणारी गुंडाळी, आठ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नसतो, म्हणून लांब झोपेसाठी मी तो सुचवत नाही.

आता आजाराविषयी. तू लिहिलेल्या माहितीवरून आजार दिसत नाही. मात्र पॅड तासा-दोन तासांत भरून सलग काही तास तसेच चालू राहणे, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी पडणे, पाळी सात दिवसांहून अधिक लांबणे किंवा चक्कर आणि धाप लागणे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवायला हवे. पहिल्या पाळीपासूनच स्राव फार असेल आणि शिवाय नाकातून किंवा हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल, तर ते जरूर सांग, कारण काही मुलींमध्ये रक्त गोठण्याच्या क्रियेतला दोष असा पाळीतूनच प्रथम लक्षात येतो. ऐरोलीत महापालिकेचे रुग्णालय आहे. तिथे केसपेपर काढून निदान हिमोग्लोबिन तपासून घे. तुझ्या वयात ते 12 ग्रॅमच्या खाली असू नये. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळत असेल तर ती चुकवू नकोस आणि चहाबरोबर घेऊ नकोस, कारण चहामुळे लोह कमी शोषले जाते.

आईंना एवढेच सांगते, की रात्रीचे दोनचे गजर लावणारी मुलगी निष्काळजी नाही. या वेळी चादर धुण्याऐवजी लांब पॅडचे एक पाकीट आणि निकरची नवी जोडी आणून द्या.

गजर मात्र पुढच्या पाळीच्या पहिल्या रात्री तसाच ठेव. लांब पॅड लावूनही दोन वाजता तो काठोकाठ भरलेला दिसला, तर ती गोष्ट लिहून ठेव आणि डॉक्टरांना सांग. तो अर्धाही भरलेला नसेल, तर दुसऱ्या रात्रीपासून गजर बंद कर आणि सकाळपर्यंत झोप.